काळ्या जमिनीत उभी केलेली बस

बस उचलायला लावलेला जॅक सटकला तेव्हा मी चिखलात उभी राहून माझ्या नवऱ्याच्या हातात दगड देत होते. आवाज फार मोठा झाला नाही. ओली गोधडी दगडावर आपटावी एवढाच झाला. मग बस डाव्या अंगाला कलली, आणखी कलली आणि शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकून थांबली. ते मागच्या चाकाजवळ आडवे होऊन जॅक लावत होते. आता कमरेखालचं त्यांचं काही दिसत नव्हतं. ते सगळं बसखाली, चिखलात गेलं होतं. डोकं चाकानं केलेल्या खड्ड्यात होतं आणि खड्ड्यात पाणी होतं.

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं वर धरलं. त्यांनी तोंडातलं पाणी थुंकलं. ओरडले नाहीत. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

बसच्या आत माझी सासू होती. आम्ही सगळेच तिला माय म्हणायचो. आतून तिची हाक आली, "सूनबाई! अवो सूनबाई!"

ती सकाळपासून हाका मारायची. चहासाठी, खिडकी लावायसाठी, डास चावला तरी. मी वर न पाहता ओरडले, "माय, गप बसा थोडं! तुमचा पोरगा खाली दबला हाय!"

ती गप बसली.

आम्ही बसमध्ये राहत होतो. हे ऐकून लोक आधी हसतात, म्हणून ते कसं झालं ते सांगते. माझा नवरा खाजगी बस चालवायचा, रायपूर ते धमतरी. सारी उमर एका मालकाकडे काढली. रायपूरच्या तात्यापाऱ्यात दोन खोल्या भाड्यानं होत्या, तिथंच मुलगी जन्मली, तिथूनच तिचं लग्न झालं. मग आपलं वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि ज्याच्याकडे एक भिंत होती त्यालाही ती सोन्याची वाटू लागली. घरमालकाला खोल्या पाडून दुकानं काढायची होती. त्यानं हात जोडून सांगितलं, पण सांगितलं एकच, खाली करा. पुरानी बस्तीत पाहिलं, तिथंही भाडं आमच्या आवाक्याबाहेर गेलेलं. मुलगी शंकर नगरला राहायची. ती या म्हणाली. जावयाच्या घरी सासूला घेऊन जाऊन बसायचं मला पटलं नाही.

त्याच सुमाराला माझ्या नवऱ्याच्या मालकानं नव्या गाड्या घेतल्या. जी बस चालवून हे म्हातारे झाले ती जुनी झाली म्हणून रस्त्यावरून काढायची होती. मालकानं ती यांना भंगाराच्या भावात दिली. मला वाटलं, विकून चार पैसे येतील. पण यांच्या डोक्यात दुसरंच होतं.

"गावाकडे जागा घेऊ," ते म्हणाले. "बस तिथं उभी करू. तिच्यातच राहू."

"अजी, डोकं ठिकानावर हाय का तुमचं?"

"ऐक तं खरी. शेतजमिनीवर घर बांधाचं म्हटलं का बिनशेतीचं डायवर्शन लागते, नकाशा लागते, पटवाऱ्याच्या मागं फिरा लागते. गाडी उभी कराले काय लागते? जागा."

"अन् सरकारनं जमीन घेतली तं? नवी राजधानी तिकडंच येऊन राहिली म्हनतात."

"घेऊ दे. चावी फिरवली का घर घेऊन निघालो आपन."

चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, आणि माणूस बोलत होता ते हिशोबात बसत होतं. त्या वर्षांत अर्धं रायपूर याच गोष्टी करायचं. कोणाची जमीन गेली, कोणाची वाचली, कुठून रस्ता जाणार. चाकांवरचं घर कोणी घेऊ शकत नाही, हे मला आवडलं.

मुलीला नाही आवडलं. ती मराठी समजते, पण बोलते हिंदी. "पापा, कोई पूछेगा मायका कहाँ है, तो क्या बोलूँ? सीट नंबर बोलूँ?"

माय पान लावत बसली होती. म्हणाली, "बोल का खिडकीची सीट हाय."

माय अशीच होती. तिची जीभ शेवटपर्यंत धारदार राहिली, आणि त्या धारेनं जास्त करून मीच कापली गेले. ती वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीतली. तिच्या बापाकडे एका चकात, सलग, काळी होती, तिथं कापूस छातीपर्यंत यायचा, असं ती सांगायची. माझ्या बापाची जमीन बरड. बरड म्हणजे गोटे आणि मुरूम, नांगर लावला तर ठिणगी उडेल अशी. माझी आई जन्मभर शेतातले गोटे वेचून धुऱ्यावर टाकत राहिली आणि दर वर्षी खालून नवे गोटे वर आले. ही सोयरीक का झाली हे मला माहीत नाही. नवरा ड्रायव्हर होता, जमीन त्यांच्याकडेही उरली नव्हती, म्हणून असेल. पण मायच्या तोंडी मी बरडाची पोट्टीच राहिले. पोळी करपली तर, "बरडात गहू कुठं पाह्यला असन हिनं." मुलगी बारीक निघाली तर, "बरडातलं पीक असंच राह्यते." चार लोकांत, हसून. लोकही हसायचे. मीही हसायचे, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

जागा पाहायला आम्ही तिघंही गेलो, ऑटो करून. अभनपूरच्या बाजूला, रस्त्यापासून आत. विकणारा शेतकरी आमच्याच वयाचा होता, अंगात बंडी, डोक्याला पंचा. त्याच्या दोन जागा होत्या. रस्त्याच्या वरच्या अंगाला भाठा, म्हणजे तांबडी, मुरमाड माळजमीन. तिच्यावर काही उगवत नव्हतं. खालच्या अंगाला कन्हार, काळी. तिच्यात तो धान लावायचा. तितक्याच पैशात भाठा दुप्पट येत होता.

यांनी भाठ्यावर जाऊन पाय आपटला. "पाह्य, वाजते. इथं गाडी उभी केली तं आपले नातू येईपर्यंत हलनार नाही. पानी पडलं का निथरून जाते."

"मले हे नाही पायजे," मी म्हणाले. "बापाघरी बरडच पाह्यलं. आता म्हातारपनी पुन्हा बरडावर जाऊ का?"

"अवो, आपल्याले राहाचं हाय का पेराचं हाय?"

"दोनी."

"काळ्या जमिनीत गाडी उभी करत नाहीत. धमतरीच्या रस्त्याले साइड देता देता चाक खाली उतरलं का क्रेनच बलवा लागे. मी पन्नासदा पाह्यलं हाय."

"ते चालती गाडी. ही तं उभी राह्यनार. खाली पाटे टाका तुमी."

शेतकरी आमचं भांडण ऐकत बिडी ओढत होता. "दाई, दुनो मोरेच हे," तो म्हणाला, बाई, दोन्ही माझ्याच आहेत. "जउन मन लागे, ले लेव." मनाला येईल ती घ्या. त्याला कोणतीही विकली तरी चालणार होती.

तेव्हा माय ऑटोतून उतरली. काठी टेकत खालच्या शेतात गेली. उन्हाळा होता, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. तिनं वाकून एक ढेकूळ उचललं, फोडलं, नाकाशी धरलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे माती हाय. ते वरचं तं मुरूम हाय. चांगलं ओळखलं तू."

लग्न झाल्यापासून तिनं मला चांगलं म्हटलेलं ते पहिलंच. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक हाय बाप्पा. तुमी दोघी एक झाल्या, आता माझं कोन ऐकते."

मी हे मायवर ढकलत नाही. तिला मातीचं विचारलं होतं, तिनं मातीचं सांगितलं. गाडीचं तिला कोणी विचारलं नव्हतं. गाडीचं ज्याला कळत होतं त्याला मी गप केलं.

बस आणली तेव्हा सारं गाव पाहायला आलं. शिटा काढून टाकल्या होत्या. मागं आमचा पलंग, मधे स्वयंपाकाचा ओटा आणि गॅस, पुढं डाव्या खिडकीशी मायची खाट. ड्रायव्हरची शीट यांनी काढू दिली नाही, संध्याकाळी ते तिथंच बसायचे. शिटांच्या वरची सामान ठेवायची जाळी आम्ही तशीच ठेवली होती. तिच्यावर मी डबे ठेवले, गोधड्या ठेवल्या आणि माझी लोखंडी पेटी ठेवली, पितळेच्या भांड्यांची. पेटी मायच्या खाटेच्या बरोबर वर यायची. हे म्हणाले, "गाडीत वजन खाली ठेवाचं असते." मी म्हणाले, "खाली ओल लागते, भांडी काळी पडतात." पेटी वरच राहिली.

मायला बस आवडली, हे मला वाटलं नव्हतं. तात्यापाऱ्यातली खोली अंधारी होती, इथं तिला खिडकीतून सारं शेत दिसायचं. सकाळी चहा दिला की विचारायची, "अवो कंडक्टर, कोनतं टेशन आलं?" हे आतून ओरडायचे, "धमतरी, माय! उतरता का?" "नाही बाप्पा, माझं टिकीट पुढलं हाय." हे रोजचं. मला वैताग यायचा तेव्हा. आता लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा वैतागच यायचा.

पहिल्या पावसाळ्याआधी यांनी ट्रॉलीभर मुरूम मागवायचं ठरवलं, बसखाली आणि भोवती पसरायला. मी अडवलं. काळी जमीन घ्यायची आणि तिच्यात आपल्या हातानं मुरूम टाकायचा? मग ती काळी कशाला घेतली? शेवटी चार चाकांखाली लाकडाचे जाड पाटे टाकले, थोडा दगड टाकला, एवढंच.

गावातले लोक अशा शेतात धान लावतात. मी आमच्याकडच्यासारखी तूर लावली, सऱ्या काढून. बायका हसल्या. पण त्या वर्षी पाऊस हातचं राखून पडला आणि तूर आली. माणसाएवढी आली. मी मुलीला पोतंभर पाठवली, नागपूरकडच्या पाहुण्यांना पाठवली, सोबत निरोप पाठवला की आमच्या घरच्या काळीची आहे. बस तेव्हाच थोडी डावीकडे बसली होती. ताटात वाढलं की वरण एका बाजूला जायचं. हे वाटीत पाणी घेऊन ओट्यावर ठेवायचे, कुठल्या अंगाला किती कललं ते पाहायचे आणि जॅक लावून दगड सरकवायचे. आम्हाला ती गंमत वाटायची. म्हणजे मला वाटायची. ते दर वेळी बराच वेळ चाकाकडे पाहत बसायचे.

दुसऱ्या वर्षी मी बसच्या चारही अंगांना पेरलं. समोर तूर, मागं भेंडी, दाराच्या बाजूला धुऱ्यापर्यंत गवार. जायला पायवाट तेवढी ठेवली. आषाढ लागला तेव्हा हे म्हणाले, "पावसाचे तीन महिने गाडी वर सडकेच्या कडंनं नेऊन ठेवू. शेतकऱ्याशी बोललो मी, भाठ्यावर ठेवू देते तो. ट्रॅक्टरनं ओढून घेऊ, आता जमीन घट्ट हाय तोवरच निघन."

"अन् तुरीवरून नेता का बस?"

"दोन सऱ्या जातीन."

"दोन काहून, चार जातीन. आत्ताच उगवून राहिली ते. कापली का न्या."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं, मी कदाचित ऐकलं असतं. "घराले चाकं मी लावून देल्ली," ते म्हणाले, "अन् तू भवताल पेरून ते बंद केलं." एवढं बोलून ते दगड वेचायला गेले.

त्या वर्षी पाऊस थांबेना. धान लावणाऱ्यांना आनंद होता. आमच्या सऱ्या पाण्यात गेल्या, तूर पिवळी पडली, मुळं सडली. हे मला दिसत होतं. वास येत होता. तरी मी तूर गेली असं तोंडानं म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर बस हलवायला हरकत राहिली नसती आणि मीच चुकले असं झालं असतं. नंतर तर जमीन अशी झाली की ट्रॅक्टरही उतरेना. काळी माती फुगली, लोण्यासारखी झाली. पाटे दिसेनासे झाले. माय झोपेत खिडकीकडे घसरायची. सकाळी म्हणायची, "आज गाडी वळनावर हाय वाटते."

हे रोज खाली जाऊन जॅक लावायचे. लावलेला जॅकच खाली जायचा. त्याच्याखाली फळी, फळीखाली दगड, दगडही खाली जायचे.

त्या दिवशी सकाळी त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, आणि ठेवताच पाणी सांडलं. ते म्हणाले, "तू अन् माय गावातल्या शाळेत जाऊन बसा. मी गाडी उचलतो, मग या."

शाळा भाठ्यावर होती. तिथं पाणी नसायचं. मी म्हणाले, "रोजचंच हाय हे. एवढ्या पान्यात मायले कुठं नेऊ? घसरून पडली तं हाड मोडन." माय म्हणाली, "मी बसतो इथंच. माझं टिकीट पुढलं हाय." मी तिच्या अंगावर गोधडी टाकली आणि दगड द्यायला खाली उतरले.

नंतर काय झालं ते सुरुवातीला सांगितलं आहे.

त्यांचं डोकं धरून मी ओरडत राहिले. आधी मराठीत, मग हिंदीत, मग नुसतं ओरडणं. ज्याची जमीन आम्ही घेतली तो शेतकरी पलीकडच्या बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी पाहायला आला होता. तो धावला, त्याच्यामागून आणखी माणसं धावली, कोणाच्या हातात फावडं, कोणाच्या हातात सब्बल, म्हणजे पहार. बसचं दार डाव्या अंगाला होतं, ते धुऱ्यात दबून बंद झालं होतं. ड्रायव्हरकडचा दरवाजा उजवीकडे वर उचलला गेला होता. शेतकऱ्यानं त्या बाजूला जाऊन पायरीवर एक पाय ठेवला आणि मला विचारलं, "भितरी म कोनो हे का, दाई?" आत कोणी आहे का.

मी म्हणाले, "सास हे. बने हे. इहां खनव, जल्दी!"

सासू आहे. ठीक आहे. इथं खोदा.

त्यानं पायरीवरचा पाय काढला आणि खोदायला आला.

माती खोदली जात नव्हती. फावड्याला चिकटायची, हातानं ओढून काढावी लागायची. काढली तेवढी पुन्हा आत यायची. कोणी पाणी उपसत होतं, कोणी बसखाली लाकडं ठोकत होतं. मी फक्त त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, पाणी हनुवटीवर येतं की काय हे. त्या वेळात मायची हाक आली नाही. हे माझ्या ध्यानात आलं होतं. मला वाटलं, बरं झालं, ऐकलं तिनं.

शेवटी चार जणांनी काखेत हात घालून त्यांना ओढलं आणि ते निघाले. उजवा पाय भलतीकडे वळला होता. धुऱ्यावर ठेवल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पहिला शब्द बोलले, "माय?"

"आत हाय," मी म्हणाले. "बसली हाय."

शेतकरी ड्रायव्हरच्या बाजूच्या दरवाजानं आत चढला. मग तो दरवाजात आला आणि त्यानं डोक्याचा पंचा काढून हातात घेतला.

मी वर चढले. बस कलली तेव्हा जाळीवरची पेटी खाली आली होती. माय खिडकीला लागून पडली होती आणि पेटी तिच्या छातीवर होती. एक हात खिडकीच्या दांडीला धरलेला होता. अंग अजून कोमट होतं.

दवाखान्यात यांच्या पायाचं ऑपरेशन झालं. पाय राहिला, पण वाकत नाही. तिथं डॉक्टर रोज यायचा, चांगला माणूस होता, जे विचारलं ते समजावून सांगायचा. छातीवर एवढं वजन पडलेली म्हातारी बाई किती वेळ जगते, पेटी लवकर उचलली असती तर काय झालं असतं, हे त्याला विचारता आलं असतं. मी त्याला यांच्या गोळ्यांचं विचारलं, टाक्यांचं विचारलं, पथ्याचं विचारलं. ते विचारलं नाही. आजपर्यंत कोणालाच विचारलं नाही.

यांनी मात्र मला विचारलं. शंकर नगरला मुलीच्या घरी होतो तेव्हा. नको नको म्हणत शेवटी तिथंच आलो होतो. दुपार होती, मुलगी भाजी आणायला गेली होती.

"तिनं हाक मारली होती का?"

"हो."

"काय म्हनली?"

"सूनबाई म्हनली."

"अन् तू?"

"गप बसा म्हटलं."

ते म्हणाले, "मी खाली होतो नं." म्हणजे तू काय करणार होतीस. त्यांना असं म्हणायचं होतं. पण त्यांना पायरीवर पाय ठेवलेल्या माणसाचं माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

गावातली माणसं भेटायला यायची, समजूत घालायची. कन्हार मऊ असते म्हणून पाय आत गेला, भाठा असता तर हाडाचं पीठ झालं असतं, असं म्हणायची. भाठा असता तर बस कललीच नसती, हे त्यांनाही कळत होतं, पण भेटायला आलेला माणूस असं म्हणत नाही. मी चहा करून द्यायचे. एकदा मात्र आमचं कशावरून तरी भांडण झालं, जेवणावरूनच असेल, आणि मी ते वाक्य उचललं. म्हणाले, "त्या चिखलानंच जीव वाचवला तुमचा, हे विसरू नका."

त्यांनी ताट बाजूला केलं नाही, आवाज चढवला नाही. "हव," म्हणाले आणि घास घेतला. माझ्या तोंडून आजवर बरंच वाईट गेलं आहे, मायनं शिकवलेलं आणि माझं स्वतःचंही. पण त्या एका वाक्याची लाज मला अजून जेवताना येते.

जमीन शेतकऱ्यानंच परत घेतली. बस हिवाळ्यात, माती वाळल्यावर, क्रेननं ओढून काढली आणि भंगारवाल्यानं तिथंच कापली. मी गेले नाही, मुलगी गेली. ती पितळेची भांडी घेऊन आली आणि विचारू लागली, "आई, ये कहाँ रखूँ?" मी म्हटलं, दे कोणालाही. तिनं दिली नाहीत. तिच्या घरी खालच्या कपाटात आहेत. ती लोकांना सांगते, दादी गाँव में गिर गई थीं. बसचं नाव घेत नाही. तिचं बरोबर आहे, ते ऐकून लोक आधी हसतात.

ते आता काठीनं चालतात. सकाळी गच्चीवर जातात, परत येतात, पेपर वाचतात. मी हे लिहिते आहे हे त्यांना माहीत आहे. त्यांनी विचारलं, काय लिहून राहिली. मी सांगितलं, तर म्हणाले, लिही.

वऱ्हाडाकडचे पाहुणे लग्नात भेटले की अजून विचारतात, तुमी तिकडं काळी जमीन घेतली होती म्हनतात, तूर चांगली आली होती. मी हो म्हणते. मग विचारतात, मग राहिले नाही का तिथं?

राहिलो. तिघं राहत होतो. ते वाचले आणि मी वाचले.